फरक

वजनकाट्यावर माझी खिडकी.
डंपर चढला की जमीन एकदा हुं म्हणते,
लाल आकडे पळतात, दमतात, थांबतात.
मी पावती फाडते.

नियम भिंतीवर चिकटवलाय, पालिकेच्या शिक्क्यासह:
इमारत पाडणाऱ्यानं काँक्रीट वेगळं द्यावं,
वीट-माती वेगळी, लोखंड, लाकूड, काच वेगळी.
राडारोडा नदीपात्रात नको, टेकडीच्या पायथ्याला नको,
रात्री दोनला कुणाच्या मोकळ्या प्लॉटवर तर नकोच.
सगळा इथे आणायचा, तोलायचा, दळायचा,
त्याचीच वाळू, त्याचीच खडी, त्याचेच पेव्हर ब्लॉक.
(दळायचा हा माझा शब्द. नियमात 'प्रक्रिया' आहे.)

गेल्या महिन्यात सहकारनगरची एक सोसायटी आली,
बेचाळीस खेपांत.
तिसऱ्या खेपेत गिलाव्याचा एक पोपडा होता,
फोनशेजारच्या भिंतीचा असणार.
पेन्सिलीनं लिहिलेलं: गॅस, दूध, लाटकर डॉक्टर (घरी),
सगळे नंबर सहा आकडी.
एक खोडलेला, आणि खाली पुन्हा तोच लिहिलेला.
हेल्परनं विचारलं, हे कुठल्या ढिगात?
मी म्हटलं, वीट-माती.

मग अंबादास धोत्रे. एकोणिसावी खेप.
साइटच्या काट्यावर चौदा टन दोनशे,
माझ्या काट्यावर नऊ टन चारशे.

"माती वाळली, मॅडम."
"सहकारनगर ते वाघोली, अंबादास,
मधे वाळवंट लागतं का?"

एरवी हसला असता.
एकदा टपरीवर चहा पिताना म्हणाला होता,
आजा दगडाचे पाटे करायचा,
मी पाट्यांचा दगड पोचवतो.
आज स्टिअरिंगकडे बघत बोलला:
"आमच्या गल्लीत ओतला थोडा.
पोरी शाळेला जाताना चपला हातात घेतात."

थोडा. चार टन आठशे.

फरकाच्या रकान्यात आकडा लिहिला.
कारणाच्या रकान्यात बोटभर जागा.
'वाहतुकीतील घट' तिथे बरोबर मावतं,
महिन्याला दहा जण तेवढंच लिहून मागतात.
मी खरं लिहिलं.
दंड मालकाला,
मालकाकडून हप्त्याहप्त्यानं अंबादासला.
रात्री जेवताना भाताचा घास
खडा लागल्यासारखा थांबला. खडा नव्हता.

रविवारी गेले बघायला.
कशाला, ते मलाही नीट सांगता येणार नाही.
पुलाखालून डावीकडे, भंगारवाल्याच्या मागे.
बायकांनी सगळं निवडून लावलं होतं,
तळाला काँक्रीटचे डबर, त्यावर विटांचा चुरा,
वर फरशा, तुटक्या, पण फुलाला फूल जुळवून.
आमच्याकडे सहा माणसं आणि एक यंत्र
इतकं स्वच्छ वेगळं करत नाहीत.
सोसायटीतल्या कुणाचं गुलाबी न्हाणीघर,
कुणाच्या ओट्यावरची निळी नक्षी,
एका फरशीवर अजून चिकटलेला साबणकंपनीचा मोर.
नळाच्या पाण्याला उतार दिलेला, नेमका,
ओव्हरसियरनं मान डोलवावी असा.

गल्ली संपते तिथे विजेचा खांब,
पलीकडे लगेच नदी, तिचा वास.
खांबावर पालिकेनं ओढलेली निळी पट्टी,
पुराची रेषा.
मी शेजारी उभी राहिले.
पट्टी माझ्या खांद्याच्या वर.

धरणातून पाणी सुटलं की
हे चार टन आठशे कुठे जाणार
ते मला माहीत होतं, अंबादासला माहीत होतं,
ज्यांनी मोर मधोमध बसवला त्या बायकांना
तर सगळ्यांत आधी.

एक मुलगी दप्तर नसलेल्या दिवशीही
शाळेचेच बूट घालून आली.
कुणाकडे आलात?
मी म्हटलं, कुणाकडे नाही.
मग मधून चाला, ती म्हणाली,
कडेचं अजून बसलं नाही.